लिलावातल्या कार्डाला भाव किती द्यायचा? पहिली बोली लावण्याआधी

माझे वडील निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून कांदा घेऊन लासलगावला जायचे. परत आले की आई विचारायची, "आज काय भाव निघाला?" वडील तीन आकडे सांगायचे: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. मग थोडं थांबून म्हणायचे, "आपल्याला एवढा पडला." हा चौथा आकडा बाजार समितीच्या फळ्यावर कुठंच नसायचा. आमच्या ट्रॉलीतला कांदा केवढा आहे, पत्ती किती सुटलीय, ओल आहे का, हे मूठभर कांदे हातात घेऊन बघत व्यापारी तो ठरवायचा.

पुढं न्यू जर्सीत आलो. मुलाच्या हट्टापायी बेसबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूंची चित्रं छापलेल्या कार्डांच्या लिलावात शिरलो, तेव्हा तोच चौथा आकडा पुन्हा समोर उभा राहिला. "जॉर्डनच्या कार्डाचा भाव काय?" या प्रश्नाला उत्तर नाही. हे कार्ड, या प्रतीचं, आज, कमिशन आणि कर धरून मला कितीला परवडेल, याला उत्तर आहे, आणि ते बोली लावायच्या आधी कागदावर काढता येतं. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत मुलं ही कार्डं जमवतात आणि आई-बापांच्या मागं लागतात, "बाबा, एकच बोली लावू या ना!" हा लेख त्या आई-बापांसाठी. आणि लहानपणी बिग फन गमच्या वेष्टनातली क्रिकेटपटूंची चित्रं जपून ठेवलेल्या, आता हातात चार पैसे आलेल्या माझ्या पिढीसाठीही.

पायरी १ : कार्ड नेमकं कोणतं, ते ओळखा

सोपं वाटतं, पण नवशिक्यांचे निम्मे पैसे इथंच बुडतात. खेळाडूचं नाव आणि फोटो बघून कार्ड ओळखता येत नाही. वर्ष, कंपनी, संच आणि मागच्या बाजूला छापलेला क्रमांक अशा चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

मायकेल जॉर्डनचं सगळ्यांना ठाऊक असलेलं कार्ड म्हणजे फ्लीअर कंपनीचं १९८६-८७ चं, क्रमांक ५७. कार्डांच्या त्याच पाकिटांतून त्याच वर्षी जॉर्डनचा एक स्टिकरही निघाला होता, त्याचा क्रमांक ८. दोन्ही '८६ फ्लीअर जॉर्डन'च, दोन्ही अस्सल, पण स्टिकरचा भाव कार्डाच्या जवळपासही फिरकत नाही. शिवाय फ्लीअरनं नंतरच्या काळात त्याच चित्राची अधिकृत पुनर्मुद्रणं काढली. ती खोटी नव्हेत, पण जुनीही नव्हेत. आणि खोटी तर ढिगानं आहेत. लिलावाच्या मथळ्यात विक्रेता हे सगळं एकाच दमात '८६ फ्लीअर जॉर्डन रूकी' म्हणून खपवू शकतो ('रूकी' म्हणजे काय, ते पुढं येतंच). म्हणून आधी कार्डाची मागची बाजू बघा. मागच्या बाजूचा फोटोच दिलेला नसेल तर पुढं जा, दुसरी कार्डं पुष्कळ आहेत.

नव्या कार्डांत गुंता आणखी वाढतो. टॉप्स कंपनीच्या 'टॉप्स क्रोम' या संचात एकाच खेळाडूचं, एकाच फोटोचं कार्ड कितीतरी रूपांत येतं: साधं, चकाकणारं रिफ्रॅक्टर, मग रंगीत. सोनेरी असेल तर एकूण ५० च छापलेली, नारिंगी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर फक्त एक. कार्डावर '१७/५०' असा आकडा छापलेला असतो. पन्नासांतलं सतरावं, एवढाच त्याचा अर्थ. साध्या कार्डाला पाच डॉलर येत असतील, तर त्याच्या लाल भावंडाला हजारो येऊ शकतात. म्हणून 'याच खेळाडूचं कार्ड गेल्या आठवड्यात दोन हजारांना गेलं' हे वाक्य ऐकलं, की पहिला प्रश्न विचारायचा, कोणत्या रंगाचं?

'रूकी कार्ड' म्हणजे खेळाडूचं पदार्पणाच्या काळातलं कार्ड, आणि सर्वसाधारणपणे त्यालाच जास्त भाव. पण हा काही कायदा नाही. मिकी मँटल या न्यूयॉर्क यँकीज बेसबॉल संघाच्या दिग्गजाचं खरं रूकी कार्ड आहे बोमन कंपनीचं, १९५१ चं. सगळे धावतात मात्र टॉप्सच्या १९५२ च्या, क्रमांक ३११ च्या कार्डामागं. त्या संचाच्या शेवटच्या टप्प्यातली कार्डं दुकानात पोचली तेव्हा हंगाम संपत आला होता. न खपलेला माल वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिला आणि १९६० च्या सुमारास टॉप्सनं तो बार्जवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडं अटलांटिकमध्ये बुडवला. गंमत अशी, की मँटलचं कार्ड त्या टप्प्यातल्या इतर कार्डांच्या दुप्पट छापलं गेलं होतं. तरी भाव त्यालाच. लोकांना जे हवं असतं त्याला भाव येतो, आणि लोकांना '५२ चं मँटल' हवं आहे.

पायरी २ : प्रत

आपल्याकडं प्रतवारी म्हणतात, इथं ग्रेडिंग. पीएसए, एसजीसी, बेकेट, सीजीसी या कंपन्या फी घेऊन कार्ड तपासतात, १ ते १० गुण देतात आणि कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून देतात. त्या बंद कार्डाला सगळे 'स्लॅब' म्हणतात; न तपासलेलं, उघडं कार्ड म्हणजे 'रॉ'. तपासणीत मुख्यतः चार गोष्टी बघतात: छपाई मध्यावर आहे का, चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा सलग आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग, घडी आहे का.

प्रत एका पायरीनं बदलली की भाव पायरीनं बदलत नाही, उडी मारतो. १९५२ चं मँटल घ्या. पीएसए ९ प्रतीचं एक कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेलं. एसजीसी ९.५ प्रतीचं दुसरं ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात १ कोटी २६ लाखांना. मध्ये दीड वर्ष गेलं हे खरं, पण प्रतीचा फरक फक्त अर्ध्या गुणाचा! आपल्या खिशातल्या कार्डांनाही हेच लागू आहे. नव्या कार्डांत ९ आणि १० यांच्या भावात दुप्पट-तिप्पट फरक पडणं रोजचंच, आणि ८ आलेलं नवं कार्ड कित्येकदा तपासणीच्या फीएवढंही विकलं जात नाही.

माझी पहिली मोठी चूक इथलीच. सत्तरीच्या दशकातलं एक बेसबॉल कार्ड, पीएसए ८. शेवटचे चार-पाच भाव बघितले, त्यांच्याहून थोडं कमीच देऊन जिंकलो. घरी पार्सल उघडलं. लेबलावर ८ च्या शेजारी बारीक अक्षरांत 'ओसी' लिहिलेलं. ओसी म्हणजे छपाई मध्यावरून सरकलेली. कार्ड बाकी आठाच्या लायकीचं, पण हा दोष धरून, असा त्याचा अर्थ. बाजारात असा शेरा असलेल्या कार्डाला साधारण दोन प्रती खालचा भाव येतो. शेरा फोटोत दिसत होता, विक्रेत्यानं काही लपवलं नव्हतं. मी बघितला नव्हता. तेव्हापासून लेबल अक्षर न अक्षर वाचतो. 'एसटी' म्हणजे डाग, 'एमके' म्हणजे कुणीतरी पेनानं लिहिलेलं, 'पीडी' म्हणजे छपाईतला दोष.

एकाच प्रतीची दोन कार्डंही सारखी नसतात. ७ गुणांची दोन कार्डं शेजारी ठेवा. एकाचं चित्र मधोमध, रंग ताजे, पण मागं एक बारीक डाग. दुसऱ्याचे कोपरे थोडे गोलसर आणि चित्र एका बाजूला कललेलं. लेबल एकच, पण लोक पहिल्याला जास्त देतात. १९८६ च्या फ्लीअर कार्डांत छपाई सरकलेली असणं इतकं नेहमीचं, की मधोमध छापलेलं ७ कधीकधी वाकड्या ८ च्या भावाला जाऊन भिडतं. १९७१ च्या टॉप्स बेसबॉल कार्डांना काळी कड आहे, तिथं टवका उडाला की लांबूनही पांढरा दिसतो, म्हणून त्या वर्षाचं चांगल्या प्रतीचं कार्ड मिळवायला घाम गाळावा लागतो. असे प्रत्येक संचाचे स्वभाव असतात. ते हळूहळूच कळतात.

स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. कार्ड, प्रत आणि शक्य असेल तिथं फोटो जुळला पाहिजे, कारण खोटे स्लॅबही बनतात. आणि डब्यातला आकडा म्हणजे देववाणी नव्हे. होनस वॅगनर या बेसबॉल खेळाडूचं १९०९-११ च्या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं टी२०६ कार्ड हे या छंदातलं सगळ्यांत प्रतिष्ठेचं. त्याची सर्वांत देखणी प्रत १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीनं भागीदारीत ४,५१,००० डॉलरला घेतली. पीएसएनं तपासलेलं ते पहिलंच कार्ड, प्रत ८. पुढं २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं न्यायालयात कबूल केलं, की त्याच कार्डाच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या.

उघड्या कार्डांबद्दल थोडक्यात: 'पीएसए १० येईल असं कार्ड' या मथळ्याला भुलू नका. खरंच १० येणार असतं, तर विक्रेत्यानं स्वतःच पाठवलं असतं. उघड्या कार्डाला ७ किंवा ८ च्या हिशेबानंच भाव लावा.

पायरी ३ : अशी आणखी किती आहेत?

प्रत्येक ग्रेडिंग कंपनी कोणत्या कार्डाला कोणता गुण किती वेळा दिला याची यादी ठेवते. तिला 'पॉप रिपोर्ट' म्हणतात आणि पीएसएची यादी फुकट बघता येते. '८६ च्या जॉर्डनला पीएसएनं १० गुण तीनशेहून अधिक वेळा दिलेत. अपर डेक कंपनीच्या १९८९ च्या पहिल्या क्रमांकाच्या कार्डाला, म्हणजे केन ग्रिफी ज्युनियर या बेसबॉलपटूच्या रूकीला, चार हजारांहून अधिक वेळा. दोन्ही कार्डं लाडकी, पण ग्रिफीचं कार्ड मध्यमवर्गीयाला घेता येतं आणि जॉर्डनचं नाही, यामागं हे एक मोठं कारण आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांनी कार्डं अक्षरशः पोत्यानं छापली. त्या काळाला इथं 'जंक वॅक्स' म्हणतात. शेजारच्या अमेरिकन गृहस्थानं गराजमधून खोकं काढून 'तीस वर्षं जुनं आहे' म्हणून दाखवलं, तर चहा घ्या, कौतुक करा आणि पाकीट खिशातच ठेवा. वय म्हणजे भाव नव्हे. इंग्लंडमधल्या जॉन प्लेअर कंपनीची १९३० च्या दशकातली सिगारेटच्या पाकिटातली क्रिकेटपटूंची कार्डं नव्वदीची झाली, तरी इतकी छापली गेली होती की साध्या प्रतीचे पूर्ण संच आजही किरकोळ पैशांत मिळतात.

यादीत एक फसवी जागाही आहे. 'या प्रतीची फक्त ६ आहेत' असं विक्रेता गर्जून सांगतो. कधीकधी कारण एवढंच असतं, की ते कार्ड तपासायला पाठवण्याइतकं मोलाचं कुणालाच वाटलं नाही. उलट नव्या खेळाडूंच्या कार्डांची संख्या दर महिन्याला फुगत जाते. आज २०० असलेली दहा गुणांची कार्डं पुढच्या वर्षी हजार झाली, तर भाव कुठं जाईल हे सांगायला नको.

पायरी ४ : झालेले सौदे गोळा करा

ही या सगळ्यातली मुख्य पायरी. घाई असेल तर बाकीच्या पायऱ्या धावत करा, ही बसून करा.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत करू नका. ईबे या ऑनलाइन बाजारात कुणीही कशालाही दहा हजार मागू शकतो. 'सोल्ड' हा फिल्टर लावला, की गेल्या सुमारे तीन महिन्यांत खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू दिसतात. त्यातही घासाघीस करून सौदा झाला असेल, तर ईबे मूळ मागणीवर फक्त रेघ मारून दाखवतं; खरी ठरलेली रक्कम तिथं कळत नाही. ती '१३० पॉइंट' या संकेतस्थळावर शोधता येते. जुन्या मोठ्या सौद्यांसाठी पीएसएची लिलाव-किमतींची यादी, कार्ड लॅडरसारख्या वर्गणीच्या सेवा, आणि हेरिटेज, गोल्डिन यांसारख्या लिलावगृहांची जुनी दप्तरं आहेत.

मी वहीत पाच रकाने आखतो: तारीख, कुठं विकलं, प्रत आणि कंपनी, किंमत, आणि शेवटचा 'शेरा'. नेमकं तेच कार्ड, तीच प्रत, तीच ग्रेडिंग कंपनी, असे निदान पाच सौदे लिहून काढतो. कंपनीचा आग्रह का? नव्या कार्डांत पीएसए १० ला एसजीसी १० पेक्षा साधारणपणे जास्त मिळतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कार्डांत एसजीसीच्या काळ्या चौकटीला मान आहे, तिथं हा फरक कमी होतो. दोघांचे आकडे एका रकान्यात ओतले, की सरासरीला अर्थ उरत नाही.

आता पाचांतला एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच वर किंवा खाली असेल. तो लगेच खोडू नका, आधी कारण शोधा. खालच्याचं कारण बहुतेक वेळा सापडतं: मथळ्यात खेळाडूचं नाव चुकलेलं, फोटो अंधारातला, लिलाव मध्यरात्री संपलेला. वरच्याचं कारण जास्त काळजीनं शोधायचं. दोन हट्टी माणसं भिडली असतील. किंवा ज्यानं जिंकलं त्यानं पैसेच भरले नसतील. तेच कार्ड, त्याच प्रमाणपत्र क्रमांकानं दोन आठवड्यांत पुन्हा लिलावाला आलेलं दिसलं, तर समजा पहिला सौदा मोडला. किंवा विक्रेत्याच्याच माणसांनी बोली चढवली असेल. हा निव्वळ संशय नाही. वर ज्या मास्ट्रोचं नाव आलं, त्याला २०१५ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याच लिलावांत अशा बोगस बोल्या लावल्याचंही त्यानं कबूल केलं होतं.

तारखेचा रकाना उगाच नाही. जानेवारी २०२१ च्या अखेरीस गोल्डिनच्या लिलावात '८६ फ्लीअर जॉर्डन, पीएसए १०' अशी दोन कार्डं प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेली. टाळेबंदीचे दिवस, घरात बसलेले लोक, हातात मोकळा पैसा. कार्डांचा असा पूर आला, की मार्च २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्या दीडेक वर्षात तेच कार्ड, तीच प्रत, अडीच लाखांच्याही खाली विकली गेली. ज्यानं २०२२ मध्ये वहीत फक्त सर्वांत मोठा आकडा लिहिला, तो पस्तावला असणार. नव्या खेळाडूचं कार्ड असेल तर मी तीस दिवसांपलीकडचा सौदा धरत नाही. पन्नास-साठ वर्षं जुन्या कार्डांना वर्षभर मागं जायला हरकत नाही.

शेवटची एक खोच. लिलावगृहं जी 'विकली गेलेली किंमत' छापतात, तीत खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन बहुधा मिळवलेलं असतं. ईबेवर खरेदीदाराला असं कमिशन नसतं. म्हणून लिलावगृहाच्या छापील १,२०० ची तुलना ईबेच्या १,२०० शी करायला हरकत नाही. पण आत्ता चालू असलेल्या लिलावात पडद्यावर दिसणाऱ्या १,००० शी करायची नाही, कारण त्या हजारावर कमिशन अजून चढायचं आहे.

एकही जुळणारा सौदा नसेल तर? मग शेजारचे सौदे बघायचे. समजा, तुम्हाला हवं असलेलं ५ प्रतीचं कार्ड वर्षभरात विकलेलं नाही, पण ४ आणि ६ विकली गेलीत. भाव त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी, सहसा चारच्या जवळ. किंवा त्याच संचातल्या तोलामोलाच्या दुसऱ्या खेळाडूच्या ४, ५ आणि ६ चे भाव काढा, त्यांच्यातलं प्रमाण बघा आणि तेच इथं लावा. क्रिकेटच्या कार्डांत हीच पद्धत वापरावी लागते, कारण सौदेच विरळ. सचिनचं एखादं कार्ड कुणी एकदा मोठ्या रकमेला घेतलं म्हणून तो बाजारभाव झाला असं नाही. एक सौदा म्हणजे एका माणसाचं मत.

पायरी ५ : वरून खाली गणित

लासलगावात आडत, हमाली, तोलाई असे शब्द कानावर असायचे. इथं त्यांची नावं वेगळी आहेत. मोठी लिलावगृहं हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, खरेदीदाराकडून साधारण २० टक्के किंवा थोडं जास्त कमिशन घेतात. त्या रकमेवर राज्याचा विक्रीकर. आमच्या न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. मग टपाल आणि विमा.

समजा, वहीवरून असं ठरलं, की या कार्डावर घरपोच एकूण १,२०० डॉलरच्या वर जायचं नाही. नवशिक्या काय करतो? १,२०० पर्यंत बोली लावत जातो. १,२०० वर २० टक्के म्हणजे १,४४०, त्यावर कर धरून १,५३५, वर टपाल. साडेतीनशे डॉलर कुठून कुठं गेले ते कळतही नाही.

उलटं चला. १,२०० तून टपालाचे २० वजा केले, राहिले १,१८०. त्याला आधी १.०६६२५ नं भागा, मग १.२० नं. उत्तर येतं सुमारे ९२२. ही तुमची शेवटची बोली. ताळा करून बघा: ९२० वर कमिशन लागून १,१०४, कर लागून १,१७७, टपाल धरून १,१९७. हा आकडा लिहून संगणकाला चिकटवा. आमच्याकडं तो पिवळ्या चिठ्ठीवर असतो आणि मुलगा आरडाओरडा करायला लागला, की मी बोटानं दाखवतो.

पुढं कधी विकायचं मनात असेल, तर आणखी एक वजाबाकी करा. ईबेवर विक्रेत्याकडून १३ टक्क्यांच्या आसपास कापले जातात. आज १,१९७ देऊन घेतलेलं कार्ड उद्या १,२०० ला विकलं, तरी हातात येणार १,०४४. अगदी बाजारभावानं घेतलं तरी पहिल्या दिवशी दीडशेचा खड्डा असतो. 'गुंतवणूक' हा शब्द वापरणाऱ्यांना हा हिशेब मी मुद्दाम दाखवतो. आवड म्हणून घेत असाल, तर दीडशे डॉलर आनंदाचे समजा, माझी काही तक्रार नाही.

पायरी ६ : बोली लावताना

आपल्याकडच्या लिलावात 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणेपर्यंत समोरच्याचा चेहरा दिसतो. इथं पडद्यावर फक्त आकडे. पण बोलीची पद्धत समजली, की बराच ताण उतरतो.

ईबेवर तुम्ही कमाल रक्कम एकदाच टाकता. यंत्र तुमच्या वतीनं गरजेपुरतंच चढतं. तुम्ही ९२२ टाकले आणि दुसऱ्याची मजल ७०० ला संपली, तर तुम्हाला सातशेच्या थोडं वरच द्यावं लागतं. वेळ ठरलेल्या सेकंदाला संपते, म्हणून अनुभवी लोक शेवटच्या काही सेकंदांतच बोली टाकतात. आधी चढवलेल्या बोलीचा उपयोग एकच, इतरांना तुमचा रस कळतो. आणि गोल आकडा टाळा. ९०० वर अनेक जण थांबतात, ९०७ वाला तिथंच पुढं जातो.

मोठ्या लिलावगृहांत शेवटची घटका लांबत जाते. कुणी बोली लावली, की घड्याळ पुन्हा ठरावीक मिनिटांनी पुढं सरकतं, आणि हे मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालू शकतं. काहींच्या नियमांनुसार मुदत वाढल्यानंतर बोली लावायची तर आधी त्या वस्तूवर निदान एक बोली लावलेली असावी लागते. म्हणून सुरुवातीलाच एक छोटी बोली लावून ठेवा आणि नियमांचं पान झोप येण्याआधी वाचा. रात्री एक वाजता, दमलेल्या डोक्यानं 'आणखी फक्त पन्नास' म्हणणारा माणूस मी आरशात बघितलेला आहे.

लिलाव कोण जिंकतो, याचाही विचार करा. वीस जणांनी मनाशी भाव काढला, तर कार्ड त्याला मिळतं ज्यानं सगळ्यांत जास्त काढला. म्हणजे एकोणीस जणांना ते तेवढ्याचं वाटलेलं नसतं. म्हणून वहीतल्या सरासरीवर न थांबता मी माझा आकडा तिच्याहून पाच-दहा टक्के खाली धरतो.

वेळेचं थोडं. अमेरिकन फुटबॉलची कार्डं ऑगस्ट-सप्टेंबरात, हंगाम तोंडावर असताना चढतात. बेसबॉलची वसंतात. हंगाम संपल्यावर, त्या खेळाचं नाव कुणाच्या तोंडी नसताना घ्यावीत. एखाद्या खेळाडूनं काल रात्री विक्रम केला, म्हणून आज सकाळी त्याचं कार्ड घ्यायला धावणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी दादरला झेंडू घ्यायला जाणं. मिळेल, पण भाव विक्रेता सांगेल तो.

भारतातून बोली लावणार असाल तर

पुणे-मुंबईहून अमेरिकेतल्या लिलावात भाग घेता येतो, पण पायरी ५ च्या गणितात आणखी तीन खर्च घाला: परदेशी टपाल आणि विमा, भारतातली कस्टम ड्युटी, आणि बँकेनं डॉलर बदलताना घेतलेला वाटा. ड्युटीचा दर खरेदीच्या वेळी तपासा, तो बदलतो. पन्नास डॉलरच्या कार्डावर हे खर्च कार्डापेक्षा मोठे होतात. त्यापेक्षा चार-पाच कार्डं इकडच्या भाच्याच्या पत्त्यावर मागवून त्याच्या पुढच्या फेरीत आणवली तर टपाल तरी वाचतं. भारतात येताना सामानात आणलेल्या वस्तूंनाही कस्टमचे नियम आहेत, ते भाच्याला आधीच सांगा.

जिंकल्यावर, आणि हरल्यावर

पार्सल उघडताना फोनवर चित्रण करा. प्रमाणपत्र क्रमांक लिलावातल्या फोटोशी जुळवा, स्लॅबच्या कडेला तडा किंवा उघडल्याची खूण आहे का बघा. तक्रारीची मुदत थोडी असते, म्हणून पार्सल रविवारपर्यंत टेबलावर ठेवू नका. मग वहीत तारीख, हातोड्याची किंमत आणि घरपोच पडलेला पूर्ण आकडा लिहा.

हरलात तरी वही उघडा. ते कार्ड शेवटी कितीला गेलं, तो ताजा सौदा आहे, आणि तो तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. आमच्या वहीत हरलेली कार्डं निळ्या शाईत आणि जिंकलेली लाल शाईत आहेत. गेल्या वर्षीची पानं बहुतेक सगळी निळी आहेत. मुलगा अधूनमधून कुरकुरतो, पण शेऱ्याचा रकाना आता तोच भरतो. परवा त्यानं एका कार्डापुढं लिहिलं होतं, 'ओसी. बाबांनी या वेळी बघितलं.'